तिसरा रकाना

२० सप्टेंबर २०१९ हा शुक्रवार होता. सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्यात मी तेव्हा हिशेब पाहत असे, आणि त्या सकाळी सूतखरेदीची बिले आणि बँकेचा उतारा समोर ठेवून मेळ घालीत बसले होते. मालक, ज्यांना कारखान्यातले सगळेच अण्णा म्हणत, मोबाइल हातात घेऊन खोलीत आले. केंद्रीय अर्थमंत्र्यांनी गोव्यातून कंपनी कर कमी केल्याची घोषणा केली होती. शेअर बाजार उसळला होता आणि दुपारी बंद होईपर्यंत सेन्सेक्स १,९२१ अंकांनी वर गेला.

"ताई, कंपन्यांचा कर तीसवरून बावीसवर आणलाय म्हणं. आपल्याला काय मिळतंय ओ त्यात?"

"अण्णा, आपण कंपनी नाही, भागीदारी आहोत. आपला तीसच राहणार."

अण्णांनी मागांच्या शेडकडे एकदा पाहिले. "ते बी कापडच काढतात, आपण बी कापडच काढतो," एवढे म्हणाले आणि बाहेर गेले. त्यांचा स्वर तक्रारीचा नव्हता. एखादी नोंद वहीत कुठे बसते ते कळले नाही म्हणजे माणूस जसा थांबतो, तसे ते क्षणभर थांबले होते, आणि तो क्षण माझ्या मनातून आजवर गेलेला नाही.

त्या दुपारी मी एका जुन्या चलनाच्या पाठीवर गणित मांडले. ज्या देशी कंपन्या इतर सवलती सोडून देतील त्यांना २२ टक्के दर, म्हणजे अधिभार आणि उपकर धरून २५.१७ टक्के. १ ऑक्टोबर २०१९ पासून पुढे स्थापन होणाऱ्या नव्या उत्पादक कंपन्यांना १५ टक्के, म्हणजे सगळे धरून १७.१६ टक्के. भागीदारी संस्थेला मात्र ३० टक्के आणि वर उपकर मिळून ३१.२, आणि उत्पन्न एक कोटीच्या पुढे गेले तर अधिभारासह जवळजवळ ३५. ही तुलना सरळ नाही, हे हिशेबाचे काम करणाऱ्या माणसाने प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. भागीदाराच्या हाती येणाऱ्या नफ्याच्या वाट्यावर पुन्हा कर लागत नाही, भागीदारांचे वेतन आणि व्याज ठरावीक मर्यादेपर्यंत खर्चात धरता येते. उलट कंपनीचा लाभांश २०२० पासून भागधारकाच्या हातात करपात्र झाला. तरीही जो मालक नफा घरी न नेता त्यातूनच नवा माग घेतो, त्याच्यापुरता हा फरक खरा आहे, आणि सोलापुरातले बहुतेक लहान मालक त्याच जातीचे आहेत.

सरकारचा स्वतःचा अंदाज असा होता की या निर्णयाने वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी रुपयांचा महसूल सोडला जाईल. २०१८-१९ मध्ये कंपनी कराची वसुली ६.६३ लाख कोटी होती, ती पुढच्या वर्षी ५.५७ लाख कोटींवर आली. ही सगळी घट दरामुळेच झाली असे मी म्हणणार नाही, कारण त्या वर्षी व्यापारही मंदावला होता. नंतर वसुली वाढली आणि २०२३-२४ मध्ये ९.११ लाख कोटींपर्यंत गेली. पण तोवर माणसांनी भरलेला प्राप्तिकर कंपन्यांनी भरलेल्या करापेक्षा जास्त झाला होता. दर कमी करण्यामागे गुंतवणूक वाढावी हा हेतू होता आणि तो हेतू गैर नव्हता. मला अस्वस्थ केले ते वेगळ्याच गोष्टीने. एवढा मोठा निर्णय अध्यादेशाने झाला. अर्थसंकल्प जुलैमध्येच मांडून झाला होता, संसदेचे अधिवेशन चालू नव्हते, आणि त्यावर चर्चा झाली ती हिवाळी अधिवेशनात, म्हणजे निर्णय लागू झाल्यानंतर. उद्योगांच्या संघटना दर कमी करा असे वर्षानुवर्षे उघडपणे मागत होत्या, आणि मागण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. आपल्या बाजूने मात्र कोणी काही मागितलेच नव्हते.

मी निवृत्त झाले आणि काही काळाने साखर पेठेतील एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत रविवारी सकाळी आम्ही सात-आठ जण बसू लागलो. निमित्त होते १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने निवडणूक रोखे योजना, म्हणजे बँकेतून रोखे घेऊन नाव गुप्त ठेवून पक्षांना देणगी देण्याची सोय, रद्द केल्याचे. ज्या संस्थांनी हा खटला चालवला त्यांतली एक, असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स, १९९९ साली अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेतील काही प्राध्यापकांनी सुरू केली होती. उमेदवाराची मालमत्ता आणि त्याच्यावरचे खटले आज शपथपत्रातून आपल्याला वाचायला मिळतात, तेही याच संस्थेच्या याचिकेवरील २००२ च्या निकालामुळे. सत्तेचे कोणतेही पद नसलेल्या माणसांनी मागणी लिहून दिली आणि वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, ही गोष्ट आम्हाला धीर देणारी होती.

मार्चमध्ये स्टेट बँकेची माहिती निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर आली. माझ्या पुतण्याने तिचा गठ्ठा छापून आणला. पहिल्या यादीत तारीख, रोखा घेणाऱ्याचे नाव आणि रक्कम होती. दुसऱ्या यादीत तारीख, पक्षाचे नाव आणि रक्कम. दोन्ही यादींना जोडणारा धागा नव्हता. ज्याने आयुष्यभर बँक जुळवणी पत्रक केले आहे त्याला अशा दोन यादी समोर ठेवल्यावर काय वाटते ते सांगणे कठीण आहे. एका वहीत पैसा गेलेला दिसतो, दुसऱ्या वहीत पैसा आलेला दिसतो, आणि तो एकच पैसा आहे का, हे सांगणारा धनादेश क्रमांक तेवढा खोडून टाकलेला असतो. न्यायालयाने पुन्हा बजावल्यावर २१ मार्चला रोख्यांचे क्रमांक जाहीर झाले. मग आम्ही कामाला लागलो. सवय जुनी असल्यामुळे मी लाल पेन्सिल आणि पट्टी घेऊन बसले. शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी क्रमांक वाचीत, कायद्याचे शिक्षण घेणारी एक मुलगी दुसऱ्या यादीत तो क्रमांक शोधी, आणि जुळला की मी खूण करी. संगणकावर हेच काम काही मिनिटांत होते आणि वर्तमानपत्रांनी ते केलेही होते. पण हाताने जुळवताना रक्कम नुसती वाचली जात नाही, ती अंगावर येते. एक कोटीचा रोखा, त्याखाली एक कोटीचा रोखा, त्याखाली पुन्हा एक कोटीचा रोखा, तारीख एकच, घेणारा एकच, असे पानभर चालत राही. सर्वांत जास्त रोखे घेणारी कंपनी लॉटरीच्या व्यवसायातली होती आणि तिचा आकडा १,३६८ कोटी होता.

तिसऱ्या रविवारी त्या मुलीने माझ्या वहीत एक रेघ जास्त ओढली. पहिल्या रकान्यात देणारा, दुसऱ्यात घेणारा, आणि तिसऱ्या रकान्याच्या डोक्यावर तिने लिहिले: "या कंपनीला त्या काळात मिळालेली करसवलत." आम्ही तो भरण्याचा प्रयत्न केला. अर्थसंकल्पाबरोबर केंद्र सरकार दरवर्षी करसवलतींमुळे किती महसूल सुटला याचे विवरण प्रसिद्ध करते. २००६-०७ पासून ही प्रथा आहे आणि ती चांगली आहे. परंतु तिथे आकडा शीर्षकानुसार असतो. विशेष आर्थिक क्षेत्रांसाठी इतके, जादा घसाऱ्यापोटी इतके, अशी बेरीज असते. ती कोणत्या कंपनीच्या पदरात किती पडली हे तिथे नसते. नोंदणीकृत कंपनीचा ताळेबंद शंभर रुपये शुल्क भरून सरकारी संकेतस्थळावर पाहता येतो आणि त्यात कराची टीप असते, पण ती इतकी गुंतलेली असते की आयुष्य हिशेबात घालवूनही मला एका कंपनीसाठी पूर्ण सकाळ लागली. तिसरा रकाना कोराच राहिला.

मला जे म्हणायचे आहे ते या कोऱ्या रकान्याविषयी आहे. कंपनी कर आणि राजकीय देणगी हे दोन विषय आपण दोन वेगळ्या वेळी, दोन वेगळ्या रागांनी बोलतो. अर्थसंकल्प आला की कराविषयी आणि निवडणूक आली की देणगीविषयी. हिशेबाच्या शिस्तीत असे होत नाही, कारण प्रत्येक नावे नोंदीला कुठेतरी जमा नोंद असतेच, आणि ती सापडेपर्यंत तेरीज, म्हणजे दोन्ही बाजूंच्या बेरजांचा ताळा, मिळत नाही. पक्षांना देणगी देणारा आणि कायद्यातून सवलत घेणारा एकच असेल, तर त्या दोन नोंदी एका पानावर आल्या पाहिजेत. त्या जुळल्या म्हणजे लाच सिद्ध झाली असे मुळीच नाही. आमच्या कारखान्यानेही सवलत घेतली होती. १९९९ साली सुरू झालेल्या तंत्रज्ञान उन्नयन निधी योजनेखाली नव्या मागांच्या कर्जाच्या व्याजात सूट मिळत असे, त्या फाइली मीच तयार केल्या, आणि त्या सुटीमुळे गावातले कित्येक माग बदलले. सवलत हा शब्द मला वाईट वाटत नाही. ती कोणाला मिळाली हे लोकांना ठाऊक असावे आणि ती घेणाऱ्याने कोणाला काय दिले हेही त्याच ओळीत दिसावे, एवढीच माझी मागणी आहे.

पहिल्या काही बैठकांत एक अडचण वारंवार येई. आमच्यात विडी वळणाऱ्या एक अक्का होत्या. सुरुवातीचे दोन-तीन रविवार त्या दाराशी बसत आणि विचारले की म्हणत, "आम्ही कुठं कर भरतो? आम्ही कशाला बोलायचं त्यात?" मला माझी आई आठवे. तिच्या मांडीवर सूप असे, सुपात भिजवलेली तेंदूची पाने आणि तंबाखू. पत्र्याचा तुकडा पानावर ठेवून ती कात्रीने पान कापी, चिमूटभर तंबाखू भरी, बोटांनी वळून दोऱ्याचा फेरा देई, आणि टोक नखाने दुमडून टाकी. संध्याकाळी विड्या द्यायला गेली की तिथला माणूस त्यांतल्या काही बाजूला काढी, आणि त्या छाटलेल्या विड्यांची मजुरी मिळत नसे. तिने हयातभर एकही विवरणपत्र भरले नाही. पण जीएसटी आल्यापासून जानेवारी २०२६ पर्यंत विडीवर २८ टक्के कर होता, आणि त्यानंतर तो १८ टक्क्यांवर आला. साबणावर कर आहे, बिस्किटाच्या पुड्यावर आहे, मोबाइलच्या रिचार्जवरही आहे. दुकानात कर देताना कोणी उत्पन्न विचारत नाही; अक्का आणि एखाद्या कंपनीचा संचालक एका साबणावर सारखाच कर देतात. हे मी अक्कांना त्यांच्याच किराणा पावतीवर बोट ठेवून दाखवले. त्यांनी ती पावती घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवली आणि त्या रविवारपासून त्या टेबलाजवळ बसू लागल्या.

कर कशासाठी घेतला जातो हे लोकांना दिसले तर लोक तो समजून देतात, असा माझा अनुभव आहे, आणि त्याचा पुरावा महाराष्ट्राच्या घरातच आहे. १९७२ च्या दुष्काळात माझे मामा सांगोला तालुक्यात खडी फोडायला जात. त्या काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली रोजगार हमी योजना पुढे १९७७ च्या कायद्याने कामाचा हक्क झाली, आणि तिला पैसा मिळावा म्हणून १९७५ साली व्यवसाय कर आला. म्हणजे शहरात पगार घेणाऱ्याने गावात काम मागणाऱ्यासाठी द्यायचा कर. कारखान्यातल्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे, असे वर्षाचे अडीच हजार मी कितीतरी वर्षे कापले. कोणी कुरकुर केली की मी त्याला ही हकीकत सांगे, आणि बहुतेक वेळा समोरचा माणूस म्हणे, "मग ठीक आहे." कंपनी कराच्या सवलतींची अशी हकीकत सांगता येत नाही, कारण ती कोणी लिहूनच ठेवलेली नाही.

कंपनी म्हणजे कोण, हा प्रश्न सोलापूरला नवा नाही. माझे आजोबा जुन्या गिरणीत साचेवाले, म्हणजे माग चालवणारे कामगार, होते. १८७७ साली सुरू झालेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग ही ती गिरणी. तिच्या भोंग्यावर गावातल्या चुली पेटत. १९४९ साली व्यवस्थापनाने ती बंद केली, हजारो घरांचा पगार थांबला, आणि १९५० च्या जानेवारीत केंद्र सरकारने अध्यादेश काढून, पुढे कायदा करून, तिचा कारभार ताब्यात घेतला. त्याविरुद्ध एक भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेला. त्याच्याकडे एक साधा शेअर होता. १९५० च्या डिसेंबरमध्ये त्याची याचिका फेटाळली गेली, आणि त्या निकालात कंपनी आणि भागधारक या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत, हे स्पष्टपणे मांडले गेले. तीन वर्षांनी, १९५३ मध्ये, याच गिरणीच्या दुसऱ्या एका भागधारकाच्या बाजूने निकाल लागला आणि मालमत्तेच्या हक्काविषयीच्या त्या काळच्या मोठ्या वादात सोलापूरचे नाव कायमचे नोंदले गेले. आजोबांच्या बोलण्यात गिरणी "बसली" एवढेच येई. त्या बसण्यातून देशाच्या कायद्याची पाने तयार झाली हे मला पन्नाशीनंतर कळले, आणि कळले तेव्हा सर्वांत जास्त खटकले ते हे की भागधारकाला न्यायालयाचे दार सापडले, साचेवाल्याला सापडले नाही.

कंपनी ही कायद्याने व्यक्ती आहे, पण नागरिक नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली हे सांगितले. तिला मत नाही. मग जिला मत नाही तिने मत मागणाऱ्याला पैसा द्यावा का? हाही प्रश्न जुनाच आहे. १९५७ मध्ये एका मोठ्या पोलाद कंपनीने पक्षांना देणगी देता यावी म्हणून आपल्या नियमावलीत बदल करायचे ठरवले आणि एका भागधारकाने त्याला मुंबई उच्च न्यायालयात विरोध केला. मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांना कायद्यात अडवण्याजोगे काही सापडले नाही, पण ही वाट लोकशाहीचा गळा आवळू शकते असा इशारा त्यांनी निकालात दिला आणि संसदेने याचा विचार करावा असे सुचवले. १९६४ साली भ्रष्टाचार रोखण्याचे उपाय सुचवण्यासाठी नेमलेल्या संथानम समितीने कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी सुचवली. १९६९ मध्ये बंदी आली. १९८५ मध्ये ती उठली आणि नफ्याच्या प्रमाणात मर्यादा आली. २०१३ च्या कंपनी कायद्यात ती मर्यादा मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्के होती. २०१७ च्या वित्त कायद्याने ती मर्यादाही गेली आणि कोणत्या पक्षाला दिले हे सांगण्याचे बंधनही गेले. २०२४ च्या निकालात न्यायालयाने तो बदल घटनाबाह्य ठरवला. तोट्यातली कंपनीसुद्धा अमर्याद देणगी देऊ शकते याकडे लक्ष वेधले, आणि कंपनीची देणगी हा मोबदल्याच्या अपेक्षेने केलेला व्यवहार असतो असे म्हटले. साडेसात टक्क्यांची मर्यादा आणि नाव सांगण्याचे बंधन परत आले.

आमच्या मागण्यांचे एक निवेदन लिहून द्यायचे आम्ही ठरवले, आणि त्यात काय असावे यावर बरीच ओढाताण झाली. गुरुजींचा आग्रह होता की कंपनी कराचा दर पुन्हा तीस टक्के करा, हीच पहिली मागणी हवी. मला ते पटले नाही आणि आजही पटत नाही. दर किती असावा हे काळावर, व्यापारावर, शेजारच्या देशांवर अवलंबून असते. २०२१ साली १३६ देशांनी मोठ्या बहुराष्ट्रीय कंपन्यांसाठी किमान १५ टक्के कर मान्य केला तो एकमेकांच्या स्पर्धेत दर उतरत राहिल्यामुळेच. आम्ही सात-आठ जणांनी टक्केवारी ठरवावी इतके ज्ञान आमच्याकडे नाही. भागीदारीला आणि कंपनीला गुंतवलेल्या नफ्यावर एकच दर असावा, हे मात्र मी आग्रहाने लिहायला लावले, कारण अण्णांच्या त्या क्षणाचे मला देणे आहे.

देणगीच्या बाबतीत मी अधिक ठाम आहे. कॅनडातील क्विबेक प्रांतात १९७७ पासून फक्त मतदारच पक्षाला पैसे देऊ शकतो. फ्रान्सने १९९५ मध्ये कंपन्यांना मनाई केली आणि ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये. मत ज्याचे, देणगी त्याची, हे तत्त्व आपल्याकडेही यावे असे मला वाटते. ते येईपर्यंत निदान देणगीचा निर्णय संचालक मंडळाच्या ठरावावर न सोडता भागधारकांच्या सभेत व्हावा; ब्रिटनमध्ये तशी संमती घ्यावी लागते. पैसा भागधारकांचा आहे, त्यांत आपल्या भविष्यनिर्वाह निधीचा आणि विम्याचा पैसाही आहे. आणखी एक बारीक गोष्ट निवेदनात आहे, जी हिशेबाच्या माणसालाच दिसते. कंपनीने पक्षाला बँकेमार्फत दिलेली देणगी तिच्या करपात्र उत्पन्नातून पूर्ण वजा होते. बावीस टक्क्यांचा मार्ग घेतलेल्या कंपन्यांना ही वजावट मिळत नाही, पण जुन्या मार्गावर राहिलेल्या कंपन्यांना मिळते. म्हणजे त्या देणगीचा एक भाग सरकारी तिजोरी, पर्यायाने अक्का, उचलते. ही वजावट काढावी असे सर्वांचे एकमत झाले, आणि इतके लवकर एकमत दुसऱ्या कोणत्याच मुद्द्यावर झाले नाही.

नवी पेठेत कापडाचे दुकान असलेले एक गृहस्थ आमच्यात आहेत. त्यांनी घेतलेला आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. ते म्हणाले की नाव जाहीर झाले तर देणाऱ्याला त्रास होतो. ज्याला दिले नाही तो निवडून आला की परवाना अडतो, तपासणी येते. धंदेवाल्याला सगळ्यांशी गोड राहावे लागते. रोखे गुप्त ठेवण्यामागे सरकारने हेच कारण न्यायालयात सांगितले होते, आणि ही भीती खोटी नाही. मी स्वतः तपासणीला आलेल्या माणसांसमोर फाइली मांडल्या आहेत आणि त्या दिवशी हात कसे गार पडतात हे मला ठाऊक आहे. तरीही मी त्यांना गणपतीच्या आणि गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांतल्या वर्गणीची आठवण दिली. मंडळाची पोरे पावती पुस्तक घेऊन येतात, आपण आकडा सांगतो, पावतीवर नाव पडते, आणि उत्सव संपल्यावर चांगल्या मंडळांच्या मांडवाजवळ जमाखर्चाचा फलक लागतो. त्या फलकामुळे कोणी कोणाचा शत्रू होत नाही. उलट ज्या मंडळाचा फलक लागत नाही त्याला पुढच्या वर्षी वर्गणी देताना हात आखडतो. गुप्ततेने देणाऱ्याचे भय जात नाही, कारण ज्याच्यापासून लपवायचे त्याला ते कळण्याच्या वाटा असतातच. न जाणणारा उरतो तो फक्त मतदार. ते गृहस्थ काही वेळ गप्प राहिले, मग म्हणाले की पटते, पण भीती जात नाही. त्यांचे वाक्य आम्ही निवेदनात तसेच घातले आणि त्याखाली लिहिले की देणगीदाराविरुद्ध सूडाची कारवाई झाली तर दाद मागण्याची स्वतंत्र सोय असावी.

कराची माहिती गोपनीय असते, हा दुसरा आक्षेप. माणसाच्या बाबतीत तो मला पूर्ण मान्य आहे. माझे विवरणपत्र शेजाऱ्याने वाचावे असे मला वाटत नाही. पण कंपनी बुडाली तर भागधारकाच्या घरावर टाच येत नाही, हे मर्यादित दायित्वाचे संरक्षण समाजाने तिला दिले आहे. आमच्या अण्णांना, भागीदार म्हणून, ते नव्हते. कर्ज थकले असते तर त्यांचे राहते घर गेले असते. एवढे संरक्षण घेणाऱ्याने आपली सवलत आणि आपली देणगी एका ओळीत दाखवावी, ही अपेक्षा मला जास्तीची वाटत नाही.

१९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या जागी नवा कायदा आणताना, २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सरकारने जनतेकडून सूचना मागवल्या होत्या. विषय चार होते: भाषा सोपी करणे, खटले कमी करणे, अनुपालनाचा भार हलका करणे आणि कालबाह्य तरतुदी काढणे. नवा कायदा २०२५ मध्ये मंजूर झाला, ८१९ कलमांची ५३६ झाली, आणि भाषा खरोखरच सुधारली. सवलत कोणाला असावी आणि का, हा विषय त्या चारांत नव्हता. म्हणून आम्ही लोकसभेच्या याचिका समितीची वाट धरली.

तिथल्या नियमांप्रमाणे याचिकेची भाषा सभ्य आणि संयमित असावी लागते. ती हिंदीत किंवा इंग्रजीत लागते. मराठीत लिहिली तर भाषांतर जोडावे लागते आणि त्यावरही सही लागते. ज्याला लिहिता येत नाही त्याचा अंगठा चालतो. सभागृहात ती मांडायची तर सदस्याची प्रतिस्वाक्षरी लागते. मराठी मसुदा माझा, हिंदी भाषांतर गुरुजींचे. "मेळ" या शब्दापाशी ते बराच वेळ अडले. शेवटी "मिलान" लिहिले.

सोबत एक पान नमुन्याचे जोडले आहे: देणारी कंपनी, घेणारा पक्ष, सवलत. त्या मुलीचे म्हणणे होते की तिसऱ्या रकान्यात काल्पनिक आकडे घालून दाखवावेत, म्हणजे वाचणाऱ्याला कल्पना येईल. मी नको म्हटले. न सापडलेला आकडा वहीत भरायचा नसतो, त्याची जागा मोकळी सोडून समासात खूण करायची असते. अक्कांनी आपले नाव मराठीत सावकाश लिहिले, मग भाषांतरावर पुन्हा लिहिले, आणि त्या मोकळ्या जागेवर बोट ठेवून विचारले, "हे राहिलंय का ओ ताई?" मी म्हटले, राहिले आहे. आमची सात पाने झाली आहेत, आणि प्रतिस्वाक्षरी मिळावी म्हणून सोमवारी सकाळी अकरा वाजता खासदारांच्या कार्यालयाने वेळ दिली आहे.